दोन बोटं माया

४ मार्च

दोघं भावंडं गोधडी दोन टोकांना धरून जिना चढली. वरून बघताना मला क्षणभर वाटलं, कुणाला तरी उचलून आणतायत. दार उघडल्या उघडल्या मी दटावलं, की जुनी गोधडी अशी टोकांना धरून आणतात का, शिवण ताणते. बहीण ओशाळली. भाऊ म्हणाला, "ताणू दे. कापायचीच आहे."

बहीण ग्रंथपाल आहे, भाऊ इंजिनिअर. ती त्याला दादा म्हणते, तो तिला छोटी म्हणतो, आणि दोघांचेही केस पिकलेत. आई गेल्या वर्षी गेली. घर, भांडीकुंडी, दागिने सगळं गुण्यागोविंदाने वाटून झालं आणि गाडं येऊन अडलं ते या गोधडीवर. छोटीला ती अखंड हवी, संग्रहालयाला द्यायची आहे. दादाला आपली अर्धी हवी. अर्धी घेऊन काय करणार, असं मी विचारलं तर म्हणाला, "ते माझं मी बघेन."

शेवटी दोघांचं ठरलंय की माझा शब्द मानायचा. आईने सोडली तशीच गोधडी असेल तर अखंड राहील. मागाहून दुसऱ्या कुणी हात लावलेला निघाला तर मधोमध कात्री. दादाचा छोटीवर संशय आहे. "तिला वस्तू नीट करत बसायची खोड आहे," म्हणाला.

"पुस्तकं, दादा. पुस्तकं नीट करते मी. मला बटणसुद्धा लावता येत नाही."

पोच लिहून दिली. जुन्या कापडाचा काळ आणि शिवणारा हात ओळखणं हे माझं काम, पण कापायची की ठेवायची हे ठरवायला बसवलं की मला त्याचा राग येतो. वकिलासारखं वाटतं. शेजारीण बरी, उसवलेली उशी घेऊन येते, गोधडीच्या इतिहासावर माझं सगळं बोलणं ऐकून घेते आणि मग म्हणते, तेवढा टाका घालून द्या.

गोधडी मागच्या खोलीत लांब टेबलावर ठेवली. मध्ये पांढरा कागद घालून तिनात घडी, ही माझी घडी. पाठ आज बघितली नाही. पाठ मी नेहमी शेवटी बघते. पुढची बाजू बाई लोकांसाठी शिवते आणि पाठ स्वतःसाठी, त्यामुळे पुढचं सगळं समजल्याशिवाय पाठीकडे गेलं तर ती काही सांगत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना हे खूळ वाटतं. वाटू दे.

६ मार्च

पुढची बाजू धरली. काम देखणं आहे, उगाच नाही छोटीचा जीव अडकला. सगळे तुकडे पोरांच्या कपड्यांचे. दादाचे सदरे लगेच ओळखू येतात, काखेजवळ विटलेले, कॉलरच्या दुमडीवर मळाची रेघ. छोटीचे फ्रॉक त्याहून सोपे. आईने खालची कड तशीच ठेवून तुकडे कापलेत, त्यामुळे दुमड दिसते. वाढत्या पोरीच्या फ्रॉकला खाली माया ठेवतात, दोन बोटं, तीन बोटं, ज्याची त्याची रीत. पोरगी उंच झाली की टीप उसवायची, माया मोकळी करायची, फ्रॉक आणखी एक वर्ष चालतो. जुन्या दुमडीच्या जागी मात्र फिकट रेघ राहते, ती कितीही धुतली तरी जात नाही. छोटीच्या एकेका फ्रॉकवर अशा दोन-दोन रेघा आहेत, दाराच्या चौकटीवर पोरांची उंची आखतात तशा.

काळ ठरवणं अवघड नाही. गोधडी तिच्यातल्या सर्वांत धाकट्या कापडाहून जुनी असू शकत नाही, हे माझ्या प्रत्येक व्याख्यानाचं पहिलं वाक्य. छोटी कॉलेजात असताना आईचा उजवा हात लुळा पडला, पुढे तिने सुई धरली नाही. त्यानंतरच्या कापडाचा धागा जरी सापडला, तरी तो परका हात.

चहाच्या वेळी मी सहज म्हणाले, की एकदा पाहिलेलं कापड मी विसरत नाही. आमचे मोजणीदार (नवराच माझा, पण जमिनी मोजण्यात जन्म गेला आणि निवृत्त झाले तरी कानावरची पेन्सिल काही उतरत नाही, म्हणून मोजणीदार) कप खाली ठेवून म्हणाले, "चिमणीचा शाळेच्या पहिल्या दिवशीचा फ्रॉक कसा होता?"

"निळा. पांढऱ्या कॉलरचा."

"असं," म्हणाले. पेन्सिल कानावरून काढली आणि परत कानावर ठेवली.

चिमणी आमची मुलगी. पहिली संपवून दुसरीत गेली आणि तापात गेली. तिचा विषय आमच्यात निघत नाही, आज का निघाला कोण जाणे. तिचे कपडे मी आठवड्याच्या आत गाठोडं बांधून अनाथालयात पाठवले. लोक हळहळले. पण कापड वापरात राहिलं तर टिकतं, कपाटात कुजतं. हे मी कुणालाही सांगेन.

८ मार्च

एक गोष्ट जुळत नाही.

दादाच्या सदऱ्यांचा तुकडा, छोटीच्या फ्रॉकचा तुकडा, आणि त्यांच्यामध्ये दर ओळीत एक तिसरा. बारीक फुलांचा, कधी ठिपक्यांचा. मी आधी तेही छोटीचेच धरले होते. आज भिंग लावून बसले. हे तुकडे विटलेले नाहीत. शिवणीत दडलेला रंग आणि उघड्यावरचा रंग एकच. खळ अजून तशीच आहे, बोटाला कडक लागते. एकावर मशीनचं काज आहे, सुबक शिवलंय, पण मधून चिरलेलंच नाही. त्यातून बटण कधी गेलेलं नाही. खालची माया सगळ्यांना ठेवलेली आहे आणि एकाचीही मोकळी केलेली नाही. रेघ नाही, उसवल्याच्या खुणा नाहीत.

हे विक्रीचे न खपलेले कपडे म्हणावेत तर मापं बघा. वरच्या ओळीत झबल्याचा गळा, खाली थोडी मोठी काख, त्याखाली आणखी मोठी. गोधडी जशी खाली येते तसे कपडे वाढत गेलेत. आत मात्र कुणी नाही.

भिंग खाली ठेवलं. मी मेलेल्यांच्या अंथरुण-पांघरुणातच आयुष्य काढलंय, मला असल्या गोष्टींनी काही होत नाही. तरी खोलीचं दार ओढून घेतलं आणि उरलेलं टिपण स्वयंपाकघरात बसून लिहिलं.

मोजणीदारांना सांगितलं. ते भाजी निवडत होते. "माया एकदाही सोडलेली नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"दरवर्षी नवा फ्रॉक, आणि एकदाही नाही?"

नाही म्हणजे नाही, मी म्हणाले. जमिनीचा तंटा असल्यासारखे उलटतपासणी घेत बसतात. मग उठून मागच्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. आत गेले नाहीत.

११ मार्च

आज भावंडांना बोलावून घेतलं. गोधडी पसरून तिसरे तुकडे दाखवले आणि सरळ विचारलं, की हे कुणाचे.

छोटी म्हणाली, "आमच्यामध्ये कुणी नव्हतं. मीच दुसरी."

दादा खिडकीशी पाठ करून उभा होता. "होती," तो म्हणाला.

छोटीला वाटलं तो दुसरंच काही बोलतोय. त्याने मागे न वळता सांगितलं, "घरी आलीच नाही ती. आई दवाखान्यात गेली आणि हात हलवत परत आली. मला कुणी काही सांगितलं नाही. मी केवढासा होतो."

"मग तुला कसं माहीत?"

"फ्रॉक माझ्यावर लावून बघायची ना." आता तो वळला. "दरवर्षी. तू झोपलेली असायचीस. मला स्टुलावर उभं करायची, फ्रॉक खांद्याला लावायची आणि म्हणायची, तू थोडा मोठा आहेस, तिला हा एवढा होईल. खाली बोटं लावून माया धरायची. आणि म्हणायची, बाबांना सांगू नकोस हं. मला मिसरूड फुटायला लागलं तेव्हा कुठे थांबली. अजून मला शिंप्याने टेप लावलेली चालत नाही, छोटी. तयार शर्ट घेतो मी."

छोटी खुर्चीत बसली. म्हणाली, "लहानपणी मी यावर गाल ठेवून झोपायचे. हेच तुकडे तेवढे टोचायचे."

"माझी अर्धी मी जाळणार आहे," दादा म्हणाला. "आता समजलं ना कशाला हवीय ते."

तेवढ्यात दारात खळखळ झाली. मोजणीदार चहाचा ट्रे घेऊन उभे होते आणि सगळा चहा बशांमध्ये सांडला होता. किती वेळ उभे होते कळलं नाही. ट्रे स्टुलावर ठेवून निघून गेले. ट्रे जड होतो हल्ली त्यांना. डॉक्टरांना दाखवायला हवं.

भावंडं गेल्यावर मी पुन्हा गोधडीची घडी केली. करताना तुकड्यांवरून बोट फिरवायचं टाळलं, हे इथे लिहून ठेवते, कारण असं मी कधी करत नाही.

१३ मार्च

व्याख्यान देऊन परतले तर घडी बदललेली. मी तिनात घालते. टेबलावर चौघडी होती, कडेला कड मिळवलेली, कागद नीट बाजूला ठेवलेला.

मोजणीदारांना विचारलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तूच घातली असशील."

मी घातलेली नाही. मी चौघडी घालतच नाही, मधली शिवण मोडते.

१५ मार्च

आज पुन्हा. जिना चढताना मागच्या खोलीतून आवाज आला. कुणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं, लहान मुलाला समजावतात तसं, ओढून ओढून. शब्द कळले नाहीत. मी किल्ली कुलपात घातली आणि आवाज थांबला. आत आले तर मोजणीदार मोरीत, नळ सोडलेला, भांडी घासतायत. दुपारची भांडी ते कधी घासायला लागले? "तुम्ही कुणाशी बोलत होता?" म्हटलं, तर म्हणाले, "कुणाशी बोलणार? इथे आहे कोण?"

मागच्या खोलीत गेले. गोधडी पसरलेली होती, पुढची बाजू वर. आणि एका कोपऱ्यापाशी उंचवटा. फार नाही, लहान मुलाचं पाऊल पांघरुणाखाली असावं एवढाच. खोलीत पावडरीचा वास, अंघोळ झाल्यावर पोरांना लावतात त्या टाल्कमचा. ही गोधडी आली तेव्हा तिला डांबराच्या गोळ्यांशिवाय कसलाही वास नव्हता. मी हुंगून नोंद केलेली आहे.

मी पांघरूण उचलून बघायला हवं होतं. दुसऱ्या कुणी न बघता दार लावलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. मी दार लावलं.

संध्याकाळी धीर करून पुन्हा गेले तेव्हा गोधडी सपाट होती.

मोजणीदारांच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या. किसणीने कापलं म्हणे. घरात किसण्यासारखं काही आणलेलं नाही. माझं लक्ष नव्हतं, नाहीतर नीट औषध लावलं असतं.

१६ मार्च

झोप नीट नाही. डोळा लागला की कुणीतरी स्टुलावर उभं असतं आणि मी त्याच्या अंगाला फ्रॉक लावून बघत असते. तोंड दिसत नाही. मी म्हणते, सरळ उभी राहा.

पाठ उद्या बघणार आणि काम संपवणार. ही गोधडी घरातून गेलेली बरी.

१७ मार्च, रविवार

सापडलं. आणि सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

पाठीला साधं गडद निळं अस्तर आहे आणि एका कोपऱ्यात तळहाताएवढं ठिगळ. पिवळं, त्यावर बारीक करड्या छत्र्या. कापड मिश्र धाग्याचं आणि छपाई सरळ सांगते, की आईचा हात लुळा पडल्याच्या बऱ्याच नंतरचं. कापड वापरून मऊ झालेलं आहे, म्हणजे कुठल्यातरी जुन्या कपड्याचं. दोरा तर आजचा, चकचकीत. टाके शिवणाऱ्या माणसाचे नाहीतच. सगळे सारख्या अंतराचे, जणू पट्टी लावून घातलेत, आणि भिंगाखाली बघते तर प्रत्येक टाक्याखाली पेन्सिलीचा ठिपका. आधी ठिपके आखले आणि मग सुई घातली. ग्रंथपालाचा नीटनेटकेपणा, दुसरं काय.

छोटीला फोन लावला. पाठीला ठिगळ कुणी लावलं, असं विचारलं.

"ठिगळ? तिथे भोक आहे. मी लहानपणी त्यात बोट घालून झोपायचे."

"म्हणजे भोक होतं हे तुम्हाला माहीत होतं."

"अहो, माहीत होतं म्हणजे मी बुजवलं असं होत नाही."

पेन्सिलीच्या ठिपक्यांबद्दल सांगितलं तेव्हा ती रडायला लागली. रडणाऱ्या माणसावर माझा विश्वास लगेच बसत नाही, धंद्याने मला तसं केलंय. दादालाही कळवलं, कळवणं भाग होतं. तो म्हणाला, "मी सांगत होतो. शनिवारी येतो." जिंकल्यासारखं बोलला नाही. थकल्यासारखं बोलला.

मोजणीदार शेजारीच बसले होते. फोन ठेवला तेव्हा म्हणाले, "त्या पोरीला उगाच बोललीस."

"पोरगी कसली, साठीची बाई आहे. आणि पुरावा समोर आहे."

१८ मार्च

दिवसभर नमुन्यांच्या फायली चाळल्या. पिवळ्यावर करड्या छत्र्या मी नक्की कुठेतरी पाहिल्यात. गिरणीचं नाव मिळालं तर अहवाल पक्का होईल. संग्रहालयातून काढलेले नमुने, दुकानदारांनी दिलेले तुकडे, सगळं जमिनीवर पसरून झालं. नाही सापडलं. पण मनातून जात नाही. ही छत्री बघितली की भिंग खाली ठेवावंसं वाटतं आणि का ते कळत नाही. ठिगळाला नाक लावून बघितलं. पावडरीचा वास इथूनच येतो.

मोजणीदार दोनदा दारात येऊन गेले. दोन्ही वेळा चौकटीला हात लावून वळले. शेवटी मीच ओरडले, की आत या नाहीतर बाहेर जा, मध्ये उभे राहू नका.

१९ मार्च

जे झालं ते झालं तसं लिहिते.

सकाळच्या चहाला ते म्हणाले, "छोटीने नाही लावलं ते."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी लावलं."

मी हसले. देवाशपथ हसले. "तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही."

"खालच्या शिंप्याकडून ओवून आणल्या. चार-पाच सुया. एक मोडली, एक बोटात गेली."

मी त्यांच्या चिकटपट्ट्यांकडे बघत राहिले. मग काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. पुरावा नासवलात म्हणाले, माझी अब्रू घालवलीत म्हणाले, एका बाईला मी खोटं ठरवलं ते तुमच्यापायी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी विचारलं, की हे चिंधूक आणलंत तरी कुठून.

"तुला खरंच आठवत नाही?"

"सगळ्या फायली पाहिल्या मी."

"फाईलमध्ये कसं असेल?" म्हणाले. "निळा नव्हता तो."

मी कप खाली ठेवला.

"पिवळा होता. छत्र्यांचा. शाळेत जाताना म्हणाली, बाबा, एवढ्या छत्र्या कुणासाठी? आणि पहिल्याच दिवशी शाई सांडून आली. तुझा ओरडा खाल्लान."

"मी सगळं देऊन टाकलं होतं."

"गाठोडं पोचवायला मीच गेलो होतो ना. एवढा काढून घेतला. पावडरीच्या डब्यात ठेवला होता, आतमध्ये. त्या दुपारी तू किल्ली लावलीस, तेव्हा तोच गोधडीखाली राहिला."

त्या डब्यावर रोज धूळ पुसताना माझा हात लागत असणार.

"मग तिथेच ठेवायचा होता. दुसऱ्याच्या गोधडीला कशाला?"

त्यांनी पेन्सिल काढली, टेबलावर ठेवली, फिरवली. "तू सांगत होतीस ना, की त्या पोरीचे कपडे वाढत गेले आणि आत कुणी नाही. तो भाऊ तर जाळतो म्हणाला. मला कोपऱ्यात भोक दिसलं. म्हटलं, आमची तिथे राहील. दोघी असतील." मग पेन्सिल उचलून पुन्हा कानावर ठेवली.

तरी मी टाके कापायची उसवणी घेऊन मागच्या खोलीत गेले. चूक झाली तर दुरुस्त करायची, ठिगळ काढायचं, अहवालात खरं लिहायचं. पहिला टाका कापला आणि ठिगळाची कड उलटली. कापड आत दुमडलेलं होतं, दोन बोटं, चारी बाजूंनी. एवढ्याशा ठिगळाला कुणी एवढी दुमड ठेवत नाही, जाड होतं, दिसायला वाईट दिसतं.

"हे काय केलंत?" मी तिथूनच विचारलं.

ते दारात आले. "माया ठेवली," म्हणाले. "तूच म्हणतेस ना, पोरांच्या कपड्याला ठेवतात."

उसवणी खाली ठेवली. कापलेला टाका मी परत घातला, त्यांच्याच ठिपक्यावर.

२३ मार्च, शनिवार

आधी छोटीची माफी मागितली, दारातच, तिने चपला काढायच्या आत. दादाने मोठी कात्री आणली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून. ती त्याने टेबलावर ठेवली.

मी अहवाल वाचून दाखवणार होते, पण मोजणीदारांनी आपणच सगळं सांगितलं. उभ्याने सांगितलं, साक्ष दिल्यासारखं, छत्र्या, शाई, डबा. एकदाही अडखळले नाहीत. मग मी माझं सांगितलं, की परका हात लागलाय हे खरं आहे, तुमच्या बोलीप्रमाणे गोधडी कापायला तुम्ही मोकळे आहात, आणि हा हात माझ्या घरातला असल्यामुळे माझा एक पैसाही घेण्याचा अधिकार उरलेला नाही.

छोटी दादाकडे बघत होती. त्याने गोधडी उलटली आणि ठिगळावर अंगठा ठेवला.

"हा घातलेला आहे?" त्याने मोजणीदारांना विचारलं.

"हो तर. वर्षभर. काढायचीच नाही अंगातून."

"मऊ आहे," दादा म्हणाला. अंगठा फिरवत राहिला. शाईचा डाग सापडला तिथे थांबला. मग त्याने गोधडी पुन्हा सुलटी केली आणि त्या न घातलेल्या तुकड्यांवरून हात फिरवला, एकेका ओळीवरून, वरून खालपर्यंत. मी त्याला हे करताना पहिल्यांदाच पाहिलं. आजवर त्याने गोधडी नुसती टोकाला धरली होती.

"संग्रहालयाला नको देऊस," तो छोटीला म्हणाला. "तिथे काचेत ठेवतील. घरी ठेव. वापर."

"आणि तुझी अर्धी?"

"असू दे. येत जाईन मी." कात्री त्याने परत कागदात गुंडाळली. जाता जाता मोजणीदारांना म्हणाला, "तो तुकडा काढू नका. आमच्याकडे नांदेल."

गोधडी नेताना दोघांनी टोकांना धरली नाही. छोटीने दोन्ही हातांवर घेतली आणि दादा पुढे होऊन दारं उघडत गेला.

२४ मार्च

मागची खोली रिकामी आहे. आवाज नाही, वास नाही. वाटलं होतं तसं सुटल्यासारखं काही वाटलं नाही.

अहवाल पूर्ण केला. 'सर्वांत धाकटं कापड' या ओळीपुढे लिहिलं: पिवळं, करड्या छत्र्यांचं, लहान मुलीच्या फ्रॉकचं, वापरलेलं. गिरणी अज्ञात.

दुपारी मोजणीदारांनी पावडरीचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. म्हणाले, ठिगळापुरतं कापलं, बाकीचं आहे. मी झाकण उघडलं नाही. ते बाहेर गेल्यावर उघडलं.

फ्रॉकचा खालचा घेर होता. सवयीने भिंगच उचललं. कडेच्या वर एक फिकट रेघ आहे, आडवी, पूर्ण घेरभर. जुन्या दुमडीची. तिच्याखालची नवी टीप माझ्या हातची, माझा टाका डावीकडे झुकतो, मला तो कुठेही ओळखता येईल. कधी उसवली, कधी पुन्हा घातली, काही आठवत नाही. ती कुठे उभी होती, सरळ उभी राहा म्हणाले होते का, तेही नाही. पण रेघ आहे. एकदा उंच झाली होती.

टिपेच्या आत अजून माया शिल्लक आहे. त्यावर मी माझी दोन बोटं ठेवून बघितली. सांधे आता सुजलेत, तरी बरोबर बसली.